दार, पॅलेट आणि मोटार: तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

जुन्या सामानातून घरचं वर्कशॉप उभं करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पॅलेटचं, म्हणजे माल रचून न्यायच्या लाकडी चौकटीचं, लाकूड विषारी असू शकतं आणि भंगारातल्या यंत्रांशी खेळणं धोक्याचं आहे, हा पहिला. यात जेवढे तास जातात तेवढ्यात नवं टेबल आणून काम सुरू करता येतं, हा दुसरा. आणि तिसरा, ‘कधीतरी लागेल’ म्हणत माणूस घरात फक्त अडगळ साठवतो.

पहिल्या आक्षेपात तुमचं बरंचसं खरं आहे. ‘पॅलेट कुठलंही चालतं’ असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं.

देशोदेशी माल घेऊन फिरणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याचा हा शिक्का. त्यावरची ‘एचटी’ ही अक्षरं म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, आणि ते लाकूड मी घरात आणत नाही. पण शिक्का फक्त किडीबद्दल सांगतो. प्रवासात त्यावर काय सांडलं हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे डाग असलेलं, तेलकट लागणारं किंवा उग्र वासाचं पॅलेट ‘एचटी’ असलं तरी जिथल्या तिथे सोडायचं. शिक्काच नसेल तर ते आधी कशासाठी वापरलं होतं हे सांगणारं कुणी भेटल्याशिवाय घेऊ नये.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच जोडते. उघड्यावरच्या कुंपणाचं, खांबांचं लाकूड कुजू नये म्हणून त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाखाली भरलेलं असू शकतं. नवं असताना ते हिरवट दिसतं, पण पुढे उन्हापावसात करडं पडतं, म्हणून रंगावर विसंबता येत नाही. असं लाकूड कापलं तर भुशातून आणि जाळलं तर धुरातून आर्सेनिक श्वासात जातं. म्हणून बाहेर उभं राहिलेलं लाकूड माझ्या वर्कशॉपमध्ये येत नाही, मग ते कितीही सरळ आणि फुकट असो.

आता वेळेचा हिशेब. पॅलेटपुरतं इथेही तुमचं म्हणणं मला पटतं. त्याच्या फळ्या पातळ असतात, खिळे आट्यांचे असतात, उपटताना टोकं फुटतात, आणि अर्ध्या दिवसाच्या मेहनतीतून जेमतेम एका मांडणीपुरतं लाकूड हाती येतं. पॅलेटमधलं मी आता फक्त जाड आडवे ठोकळे घेते.

पण टेबलाचा हिशेब वेगळा आहे, आणि मूळ लेखात तो मी नीट मांडायला हवा होता. कामाच्या टेबलाकडून पहिली अपेक्षा असते ती वजनाची. रंधा मारताना सगळा जोर आडवा लागतो. टेबल हलकं असेल तर प्रत्येक हाताबरोबर ते सरकतं किंवा डुलतं, आणि रंध्याचं पातं लाकूड तासण्याऐवजी त्यावर उड्या मारतं. नव्या टेबलांत वजनालाच जास्त पैसे पडतात. जुन्या सामानात सगळ्यात सहज मिळते ती गोष्ट म्हणजे वजन.

माझं टेबल दोन जुन्या भरीव दारांचं आहे. दार भरीव आहे की पोकळ, हे बोटाच्या पेराने ठोकून कळतं. पोकळ दार ढोलासारखं वाजतं. आत पुठ्ठ्याची जाळी असते, त्यात व्हाइसचे (लाकूड घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंजाचे) स्क्रू धरत नाहीत. भरीव दाराचा आवाज बद्द येतो आणि ते उचलायला दोन माणसं लागतात. दोन्ही दारं तोंडाला तोंड लावून गोंदाने चिकटवली आणि वर दगड-विटा रचून एक रात्र दाबून ठेवली. चिकटवण्याआधी दोन सरळ पट्ट्या दाराच्या दोन टोकांना आडव्या ठेवून डोळ्यांच्या रेषेत पाहिल्या. दोन्हींच्या वरच्या कडा जुळल्या तर दाराला पीळ नाही. पिळलेलं दार टेबलाला नको. तेवढा पीळ रंध्याने काढायला बसलात तर तुमचा वेळेचा आक्षेप खरा ठरेल.

दारावर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पॉलिश पेपरने त्याची बारीक धूळ घरभर होते. मी रंगाची बाजू आत घालणार होते, पण रंगावर गोंदाची पकड भरवशाची नाही, म्हणून बिनरंगाची दारं मिळेपर्यंत थांबले. त्या थांबण्याचे दिवस तुमच्या हिशेबात धरा, हरकत नाही. तेवढे दिवस मी पायांचं काम करत होते.

पाय जुन्या तुळईचे. पहिल्यांदा जोडले तेव्हा टेबल उभं राहिलं, पण लांबीच्या दिशेने डुलायचं. कारण साधं होतं: चार पाय आणि वरची चौकट यांत तिरकं काहीच नव्हतं, आणि चौकोन ढकलला की कलतो. मागच्या बाजूला एक तिरकी फळी बोल्टने बसवली आणि डुलणं थांबलं. उंची मी सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी ठेवली. विकतचं टेबल या मापाचं मिळेलच असं नाही, आणि कमरेचा प्रश्न असलेल्या माणसाला दोन बोटांचा फरकही संध्याकाळी जाणवतो.

जुन्या लाकडाचा अजून एक फायदा. ताजं चिरलेलं लाकूड वाळताना आक्रसतं, कधी तडकतं, कधी वाकतं. वर्षानुवर्षं घरात राहिलेल्या लाकडाचं वाळणं संपलेलं असतं, त्याला जेवढं वाकायचं होतं तेवढं ते वाकून झालेलं असतं. त्याच्या पोटात मात्र मोडलेले खिळे असतात. करवत लावण्याआधी मी प्रत्येक फळीवरून जोरदार लोहचुंबक दोऱ्याला टांगून फिरवते. जिथे तो ओढ घेतो तिथे खडूची खूण.

भंगारातल्या यंत्रांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला ‘मी काळजी घेते’ एवढं उत्तर पुरणार नाही. काय घ्यायचं आणि काय नाही, हे मी एका प्रश्नावर ठरवते: ही वस्तू बिघडताना मला आधी दिसेल का? टेबलाचा सांधा सैल होतो तेव्हा करकरतो. मांडणी आधी वाकते, मग मोडते. तिथे जुनं सामान खुशाल वापरावं. वायरचं आवरण आतून कडक होऊन तडकलेलं असतं, ते वरून दिसत नाही. ग्राइंडरच्या चाकाला गेलेली केसाएवढी चीर ते फिरायला लागेपर्यंत दिसत नाही, आणि मग ते फुटतं. म्हणून वायर, प्लग, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच), ग्राइंडरची चाकं, डोळ्यांचा चष्मा आणि मास्क हे सगळं नवं. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवलेलं आहे, त्यामुळे मास्कवर काटकसर नाही.

मोटारींचंही तसंच. कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) असलेली वॉशिंग मशीनची मोटार सुटी काढून तिला थेट वीज देऊ नका. मशीनमध्ये तिचा वेग आवरणारं सर्किट असतं. ते नसलं आणि तिच्यावर भारही नसला, तर तिचा वेग वाढतच जातो आणि ती स्वतःच्या चिंध्या करू शकते. मायक्रोवेव्ह तर उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्राणघातक विद्युतभार राहू शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर 2000 व्होल्टच्या आसपास दाब देतो. मूळ लेखात मी ‘जुनी घरगुती यंत्रं उघडून मोटारी काढा’ असं सरसकट लिहिलं होतं. तिथे हे दोन्ही अपवाद यायलाच हवे होते.

अडगळीबद्दल थोडक्यात. माझ्याकडे एकच कोपरा आणि तीन फळ्यांची मांडणी आहे. ती भरली की नवं आत येण्याआधी जुनं बाहेर जातं. नट-बोल्ट मापाप्रमाणे बरण्यांत. बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्की केली आहेत, बरणी एका हाताने फिरवून काढता येते.

आणि एक गोष्ट तुम्हाला दाखवावीशी वाटते, कारण तुम्ही पटाशांच्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्यांच्या, धारेचंही विचारलंत. धार लावायला सपाट पृष्ठभाग लागतो. खिडकीची जुनी काच या कामाला उत्तम. अलीकडच्या काळातली खिडकीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, म्हणून ती इतकी सपाट असते. खाली सरळ फळी ठेवायची, वर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत जायचं. टफन्ड (मजबूत केलेली) काच मात्र घेऊ नका. ती रुळांवरून नेत पुन्हा तापवलेली असल्यामुळे तिच्यात हलक्या लाटा राहतात. माझी सगळ्यात जुनी पटाशी अशाच काचेवर धार लावलेली आहे. लाकडाच्या आडव्या टोकावर ती चालवली की कागदासारखी साल निघते, आणि दर वेळी मी ती साल उचलून उजेडात धरते.

मूळ लेखातलं पॅलेटचं वाक्य आजच काढलं आहे, मोटारींचा परिच्छेद नव्याने लिहिते आहे. तुमचं नवं टेबल रंधा मारताना जागेवरून सरकतं का, तेवढं पाहून कळवा. सरकत असेल तर खालच्या चौकटीवर फळी टाकून त्यावर विटा रचता येतील, आणि पायांना तिरका आधार कुठे द्यायचा ते फोटो पाहून सांगेन.