जास्त ‘एक्स’ म्हणजे जास्त चांगला कॅमेरा, हे खरं नाही

दिवाळी सरते, तापीच्या फुगवट्यावर बदकं उतरू लागतात आणि जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा फिरू लागतो. थोडक्यात तो असा: “डीएसएलआर आणि लेन्सच्या खर्चात पडू नका. सर्वांत जास्त एक्सचा झूम कॅमेरा घ्या, मेगापिक्सेल जास्त बघा. दोन किलोमीटरवरचा पक्षी स्पष्ट येतो. स्टॅबिलायझेशन असतंच, ट्रायपॉड लागत नाही, ऑटोवर ठेवा आणि दाबा. आणि शंभर एक्सचा फोन असेल तर तोही घेऊ नका.” यातलं पहिलं वाक्य बऱ्याच जणांच्या बाबतीत बरोबर आहे. पक्षी, शेतशिवार, जत्रा, घरचे कार्यक्रम असं सगळं एकाच कॅमेऱ्यात हवं असेल, तर ज्याची लेन्स डीएसएलआरसारखी बदलता येत नाही असा लांब झूमचा कॅमेरा ही चांगली निवड आहे. पुढचं मात्र एकेक करून तपासायला हवं, कारण त्यावर विसंबून लोक महिना-दोन महिन्यांचा पगार घालतात.

“सर्वांत जास्त एक्सचा घ्या.”

एक्स हा नुसता भागाकार आहे: लेन्सचं लांबचं टोक भागिले जवळचं टोक. ही टोकं मिलिमीटरमध्ये सांगतात (इथले आकडे 35 मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापातले); आकडा मोठा तितकी लांबची वस्तू मोठी दिसते. 24 ते 2000 मिलिमीटर म्हणजे 83 एक्स, हा निकॉनचा पी900 आणि पी950. 21 ते 1365 म्हणजे 65 एक्स, कॅननचा एसएक्स70. 24 ते 600 म्हणजे 25 एक्स, सोनीचा आरएक्स10 मार्क 4. या आकड्यावरून फोटोचा दर्जा कळत नाही. तो कळायला दोन गोष्टी विचारा: प्रकाश टिपणारा सेन्सर केवढा, आणि झूम पूर्ण ताणल्यावर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक, किती (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान).

पी900 किंवा एसएक्स70 चा सेन्सर जेमतेम 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा असतो. आरएक्स10 चा 13.2 बाय 8.8, म्हणजे क्षेत्रफळात चौपट. टोकाला पी900 चं अ‍ॅपर्चर एफ6.5 होतं, निकॉनच्याच 125 एक्सच्या पी1000 चं एफ8, आणि आरएक्स10 चं एफ4 च राहतं. पी1000 आणि आरएक्स10 आपापल्या शेवटच्या टोकाला नेले, तर शटर तितकाच वेळ उघडं ठेवूनही सेन्सरवर पडणाऱ्या एकूण प्रकाशात सोळापट फरक पडतो. म्हणून 25 एक्सच्या कॅमेऱ्यातून कापून काढलेला फोटो सकाळच्या मंद उजेडात 125 एक्सच्या फोटोपेक्षा स्वच्छ निघू शकतो. शिवाय पी1000 चं वजन 1.4 किलोच्या आसपास आहे, एसएक्स70 चं साधारण 600 ग्रॅम. रोज खांद्याला लावायचा कॅमेरा असेल तर हा फरक तिसऱ्या दिवशीच कळतो.

“दोन किलोमीटरवरचा पक्षी स्पष्ट येतो.”

हिशोब करून बघा. पी1000 च्या 3000 मिलिमीटरच्या टोकाला दोन किलोमीटरवर फ्रेमची रुंदी 24 मीटर भरते. चक्रवाक बदक साधारण 65 सेंटिमीटरचं. म्हणजे 4608 पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला सव्वाशे पिक्सेलही येत नाहीत. एफ8 ला इतक्या लहान सेन्सरवर प्रकाशाचा प्रत्येक बिंदू पसरून सातआठ पिक्सेल रुंद होतो, त्यामुळे खरा तपशील त्याहून कितीतरी कमी. हाच पक्षी 40 मीटरवर असेल, तर 600 मिलिमीटरलाही तो फ्रेमची पाव रुंदी व्यापतो.

आणि हे झालं हवा अगदी स्थिर धरून. खान्देशात खरी अडचण हवेचीच आहे. ऊन चढलं की काळी जमीन, डांबर आणि पत्र्याचे शेड तापतात, वर उठणारी गरम हवा आणि भोवतालची थंड हवा मिसळते, आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. डोळ्यांना हे मृगजळासारखं फक्त रस्त्यावर दिसतं. लांब झूममध्ये ते प्रत्येक फोटोत उतरतं: पक्ष्याची कड दातेरी दिसते, डोळा पुसल्यासारखा होतो. लोक याला फोकसची चूक समजतात, कॅमेरा सर्व्हिसला देतात, आणि तो तसाच परत येतो. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच स्थिर वस्तूचे, समजा विजेच्या खांबाचे, सलग दहा फोटो घ्या. प्रत्येकात खांब वेगळ्या जागी वाकलेला दिसला तर दोष हवेचा. सगळे सारखेच धूसर असतील तर फोकसचा.

मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी महामार्गापलीकडून धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला टिपायला 2000 मिलिमीटर लावून उपयोग नाही. तिथे 200 ते 300 बास. उपाय झूममध्ये शोधू नका, वेळ आणि जागा बदला. नांगरलेल्या उघड्या रानावरून, डांबरावरून किंवा पत्र्यावरून नेम धरू नका. पाण्यावरून, केळीच्या बागेवरून किंवा गव्हाच्या उभ्या पिकावरून धरा, तिथली हवा कमी उकळते. थोडं उंचावर उभं राहा. गाडीतून फोटो काढणार असाल तर आधी इंजिन आणि एसी बंद करून दोन्ही बाजूंच्या काचा उघडा आणि आतली हवा बाहेरच्याइतकी होऊ द्या. नाहीतर खिडकीतच हवा थरथरते.

इथे एक पेच आहे आणि तो सल्ल्यात कुणी सांगत नाही. उजेड भरपूर असतो तेव्हा हवा खराब, आणि हवा शांत असते तेव्हा उजेड कमी. भर उन्हात एफ6.5 ला आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) 200 वर 1/1250 सेकंदाचं शटर सहज मिळतं. सूर्य नुकताच वर आला असताना उजेड त्याच्या सोळाव्या हिश्शावर असतो, तेव्हा 1/640 साठी आयएसओ 1600 पर्यंत न्यावा लागतो आणि लहान सेन्सरच्या फोटोत रवाळ ठिपके दिसू लागतात. हतनूर धरण किंवा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारीत सकाळी साडेसात ते साडेनऊ हा वेळ दोन्हींचा मेळ घालतो. त्यानंतर कॅमेरा आवरून दुर्बिणीने पक्षी बघावेत हे उत्तम.

“ट्रायपॉड लागत नाही, ऑटोवर ठेवा.”

स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं. पक्ष्याची मान, घोड्याचा पाय, वाऱ्यावर हलणारी फांदी ते थांबवू शकत नाही. ते काम शटरचंच. ऑटोवर कॅमेरा आयएसओ कमी ठेवण्यासाठी 1/125 किंवा 1/200 निवडतो, आणि दाणा चोचीत धरलेला पक्षी हललेला येतो.

डायल ‘एस’वर न्या, कॅननमध्ये ‘टीव्ही’वर; तिथे शटर आपण ठरवतो, बाकी कॅमेरा बघतो. बसलेल्या पक्ष्याला 1/500, उडत्याला 1/1600. आयएसओ ऑटो ठेवा, पण मेनूत कमाल मर्यादा 1600 लावा. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे 0.7 किंवा उणे 1, नाहीतर पिसं पांढरीफटक होऊन तपशील जातो. उजळ आकाशासमोर पाणकावळा असेल तर अधिक 1. फोकसचा चौकोन मध्यभागी आणि लहानातला लहान ठेवा. मोठा चौकोन ठेवला की कॅमेरा पुढच्या लव्हाळ्यावर किंवा फांदीवर फोकस धरतो. रानपिंगळ्यासारखं छोटं घुबड सागाच्या फांदीवर दिवसाढवळ्या बसतं, त्याचा रंगही फांदीत मिसळतो. तिथे ही चूक हमखास होते. 1884 नंतर खात्रीशीर नोंदच नसलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्यासाठी लांब झूमचा सर्वांत मोठा उपयोग हा की त्याच्या जवळ जावं लागत नाही. आवाज वाजवून त्याला बोलावू नका.

2000 मिलिमीटरला फ्रेम जेमतेम एक अंश रुंद असते, म्हणून पक्षी सापडतच नाही. झूम थोडा मागे घ्या, पक्षी मध्यात आणा, मग ताणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी लेन्सच्या बाजूला खास बटण असतं: दाबून धरलं की दृश्य रुंद होतं, सोडलं की पुन्हा लांब. ते बटण अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे.

ट्रायपॉड रोज नको, हे मान्य. पण चंद्र, किल्ला किंवा घरट्याकडे लांबून बघत बसणं यासाठी तो हवाच. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बटण दाबल्याचा धक्काच फोटोत येतो. ट्रायपॉड नसेल तर बांधावर तांदूळ भरलेली छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा.

“मेगापिक्सेल जास्त बघा.”

याचं उत्तर वर येऊन गेलं. टोकाला प्रकाशाचा बिंदूच सहा-आठ पिक्सेलवर पसरत असेल तर 16 मेगापिक्सेलचे 20 झाल्याने काही मिळत नाही. त्याच कारणाने डिजिटल झूम (फोटोचा मधला भाग कापून मोठा करणारा) मेनूतून कायमचा बंद करा. पैसे द्यायचेच तर रॉ फाइलच्या, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलच्या, सोयीसाठी द्या. पी900 मध्ये ती नाही, पी950 मध्ये आहे.

“फोनच पुरे.”

रात्रीची वरात, मांडवातला अंधुक उजेड, घरातलं बाळ: इथे चांगला फोन लहान सेन्सरच्या झूम कॅमेऱ्याला मागे टाकतो, कारण तो अनेक फोटो जोडून एक बनवतो. पण 100 एक्सचा आकडा वेगळा आहे. ज्या फोनमध्ये खरा ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा, झूम 10 एक्स आणि त्याचा सेन्सर 10 मेगापिक्सेलचा, तिथे 100 एक्सला सेन्सरचा शंभरावा भाग वापरला जातो: एक लाख पिक्सेल. उरलेलं सॉफ्टवेअर भरतं. 2023 मध्ये एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपलं, तर फोटोत मूळ चित्रात नसलेला तपशील उमटला. कंपनीनेही चंद्र ओळखून तपशील वाढवला जातो, हे समजावून सांगितलं. कॅमेऱ्याने चंद्र टिपायचा तर मॅन्युअल मोड, आयएसओ 100, एफ6.5 आणि पौर्णिमेला 1/250 पासून सुरुवात. विवरं मात्र अष्टमीच्या सुमारास जास्त उठून दिसतात, कारण तेव्हा उजेड बाजूने पडतो.

राहिली धूळ. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात 200 ते 400 मिलिमीटर आणि 1/1000 पुरतं, पण टापांनी उडालेली धूळ लेन्सच्या बाहेर आलेल्या नळीवर बसते, आणि नळी आत जाताना ती ओढली जाते. सारखा आत-बाहेर झूम करू नका, बंद करण्याआधी नळी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. वापरलेला कॅमेरा घेताना हेच तपासा. झूम पूर्ण ताणून परत आणा, करकर आवाज आला किंवा मध्येच अडकला तर नको. मग एफ8 लावून पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो घ्या, दुसऱ्या वेळी कॅमेरा थोडा सरकवून. काळसर ठिपका दोन्हींत त्याच जागी दिसला तर धूळ सेन्सरवर आहे. लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी साफ होत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. तेवढा खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्या, विकणारा तयार नसेल तर तो कॅमेरा सोडून द्या.