मामांचं १९३८

आमच्या मामांकडे बुटांचा एक खोका आहे, त्यात बूट सोडून सगळं आहे, म्हणजे मुख्यतः वाफेच्या इंजिनांचे तीनशेच्या वर जुने फोटो. बहुतेक इंग्लंडमधले, काही आपल्याकडचे, चाळीसेक वर्षं कुणाशी अदलाबदल करून, कुणाच्या रद्दीतून उचलून जमवलेले. मामीचं म्हणणं एवढंच होतं की हे सगळं सालाप्रमाणे लावून एकदाचा अल्बम करावा. "तुला कळतं ना इंजिनांतलं? मग प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं साल लिहून टाक, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." मी हो म्हणालो. तो रविवार होता. त्यानंतर किती रविवार गेले ते मी मोजलेले नाहीत, मामीने मोजलेत.

आता तुम्ही म्हणाल फोटोच्या मागे काहीतरी लिहिलेलं असेलच की. आहे ना! मामांच्या सुंदर अक्षरात. 'छान.' 'फारच छान.' 'धूर बघ!' 'हा डबल आहे.' तारीख, ठिकाण, इंजिनाचं नाव, काहीही नाही. मामांना विचारायची सोय होती, ते समोरच आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले असायचे, पण कुठलाही फोटो पुढे धरला की त्यांचं उत्तर एकच, आणि तेही डोळे न उघडता. "अडतीस."

का अडतीस, तर ३ जुलै १९३८ ला मॅलार्ड नावाच्या इंग्रजी इंजिनाने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे २०० किलोमीटरच्या वरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही टिकून आहे आणि मामांच्या मते रेल्वेच्या इतिहासात सांगण्यासारखं तेवढंच घडलं, आधीचं सगळं तयारी आणि नंतरची सगळी उतरती कळा. मामांचा स्वतःचा जन्म त्यानंतरचा आहे, पण त्याने त्यांना काही फरक पडत नाही.

तर मी ठरवलं की शास्त्रशुद्ध काम करायचं. शास्त्र असं आहे की इंजिनाचा आणि डब्यांचा रंग, त्यावरच्या रेघा, अक्षरं, चिन्हं, आकड्यांची जागा हे सगळं ठराविक काळात बदलत गेलं, याला लिव्हरी म्हणतात (फोनवर मी एका मित्राला "लिव्हरी बघ, युद्धात पार खराब झालीय" असं सांगत होतो तेव्हा मामीने आतून विचारलं की कुणाचं लिव्हर), आणि हे बदल कधी झाले ते माहीत असलं की फोटोचं साल काढता येतं. ऐकायला सोपं आहे. रंगावरून साल काढायचं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट.

बरं, ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे काळा तो काळा आणि पांढरा तो पांढरा असं तरी असावं ना? नाही. जुन्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल इंजिन फोटोत काळंकुट्ट येतं आणि निळं इंजिन धुवून काढल्यासारखं फिकट. इंग्लंडमध्ये मिडलँड रेल्वेची इंजिनं गडद लाल होती आणि लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची काळी, प्रत्यक्षात शेजारी उभी केली तर आंधळ्यालाही फरक कळेल, माझ्या फोटोंमध्ये दोन्ही एकाच कढईतून काढल्यासारखी. एक फोटो मात्र मस्त होता, इंजिन एकसारखं राखाडी, प्रत्येक रिव्हेट मोजता येईल इतकं स्पष्ट, मला वाटलं मिळाला एकदाचा दुर्मिळ रंग, आणि अख्खा दिवस मी राखाडी रंगाची इंजिनं वापरणारी कंपनी शोधत बसलो. मग कळलं की नवीन इंजिन कारखान्यातून बाहेर पडताना फोटो चांगला यावा म्हणून त्याला मुद्दाम राखाडी रंग द्यायचे, फोटो झाला की खरा रंग मारायचे. म्हणजे मेकअप करून काढलेला पासपोर्टचा फोटो. त्यावरून माणूस ओळखायचा.

आणि समजा रंग कळला तरी काय दिवे लावणार आहे मी? १८७० च्या दशकात स्ट्राउडली नावाच्या इंजिनियरने लंडन ब्रायटन रेल्वेच्या इंजिनांना जो रंग दिला त्याचं अधिकृत नाव 'सुधारित इंजिन हिरवा' आणि तो रंग होता पिवळा. चांगला हळदीसारखा पिवळा. लोक म्हणतात की साहेबांना रंग नीट दिसत नसावेत, ते खरं-खोटं बाजूला ठेवा, पण त्या अख्ख्या कंपनीत एकाही माणसाने "साहेब, हा पिवळा आहे" म्हटलं नसेल का? नसेलच म्हटलं. ऑफिस आहे शेवटी.

म्हणून मी रंगाचा नाद सोडून अक्षरं आणि आकड्यांकडे वळलो. इथे जरा बरं चालतं. १९२३ मध्ये ब्रिटनमधल्या शंभराहून जास्त कंपन्या मोडून चार मोठ्या झाल्या, त्यातल्या एलएमएसने आधी इंजिनाचा नंबर टेंडरवर, म्हणजे कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, हातभर मोठ्या आकड्यांत लिहिला. दुरुस्तीला गेलेलं इंजिन परत येताना भलत्याच टेंडरला जोडून येतं हे त्यांच्या लक्षात यायला काही वर्षं लागली. मग १९२८ पासून नंबर केबिनवर आणि टेंडरवर नुसतं एलएमएस. म्हणजे टेंडरवर मोठा नंबर दिसला की १९२३ ते २८! मी आनंदाने सात फोटो बाजूला काढले, सातांवरही साल टाकलं, आणि आठवडाभराने वाचलं की नवा नियम आला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी ब्रश घेऊन पळत सुटत नाही, इंजिन वर्कशॉपला जाईल तेव्हाच रंग होतो आणि तोवर वर्षानुवर्षं ते जुन्याच कपड्यांत फिरतं. सातही खोडले. खोडरबर संपला.

या धंद्यात 'साल' नावाची गोष्टच नसते हे मला तिथे कळलं. असतं ते 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही'. मामीला हे समजावायला गेलो तर ती म्हणाली, "मला एक आकडा सांग."

त्या चारांतल्याच ग्रेट वेस्टर्नचं त्या मानाने सरळ आहे, टेंडरवर जीडब्ल्यूआर ही अक्षरं गुंफलेलं गोल चिन्ह असेल, ज्याला तिकडचे लोक शर्टाचं बटण म्हणतात, तर १९३४ ते ४२ मध्ये लागलेलं. युद्ध सुरू झालं की सगळीकडे काळा रंग, आणि चारांतल्या आणखी एका कंपनीने, एलएनईआरने, तर १९४२ मध्ये रंग आणि कष्ट वाचवायला चार अक्षरांतली दोन काढून नुसतं एनई ठेवलं. मला ते एनई बघून वाटलं नॉर्थ ईस्टर्न, जी कंपनी १९२३ लाच संपली, त्यामुळे मी युद्धातल्या गाडीला वीस वर्षं मागे नेऊन ठेवलं. दुसरा एक फोटो मी तीन दिवस रशियन समजत होतो कारण त्यावरचा आर उलटा होता. आर उलटा नव्हता, फोटो उलट छापला होता.

याहून मोठी फजिती सीआर लिहिलेल्या फोटोची. सीआर म्हणजे कॅलेडोनियन रेल्वे, स्कॉटलंडची, सुंदर निळी इंजिनं, १९२३ च्या आधीची, मी ते निळं इंजिन जुन्या याद्यांत हुडकत बसलो. मामी मागून जाता जाता म्हणाली, "स्कॉटलंडात नारळ येतो का रे?" झाड होतं खरं मागे. सीआर म्हणजे आपली सेंट्रल रेल्वे, जी ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली, त्याच्या आधी जीआयपी होती. आणि इंजिन होतं डब्ल्यूपी, बंदुकीच्या गोळीसारखं नाक आणि त्यावर तारा, जे अमेरिकेतून पहिल्यांदा १९४७ ला आलं. मी फोटो मामांपुढे धरला. "अडतीस," मामा म्हणाले. इंजिन जन्माला यायच्या नऊ वर्षं आधी! "मग नक्कीच लवकरचा फोटो आहे," मामा म्हणाले आणि घोरायला लागले.

१९४८ ला ब्रिटनची रेल्वे सरकारी झाली त्यानंतरचे फोटो म्हणजे माझे लाडके, कारण सरकारी माणसाला खुणा करून ठेवायची सवय असते. आधी टेंडरवर ब्रिटिश रेल्वेज असं लांबलचक लिहायचे, मग चाकावर उभ्या सिंहाचं चिन्ह आलं, लोकांनी त्याचं नाव ठेवलं सायकलवाला सिंह. १९५६ ला नवं चिन्ह, त्यात सिंहाने चाक पुढच्या पायांत धरलेलं, लोकांनी त्यालाही सोडलं नाही, त्याला म्हणायला लागले मुंगूस आणि निशाणीची पाटी (मुंगूस माझं, मूळ प्राणी आपल्याकडे नसतो). हा नवा सिंह इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढेच बघायचा, म्हणजे एका बाजूला उजवीकडे तोंड, तर मानचिन्हांची जी शाही कचेरी असते तिने हरकत घेतली की मंजूर झालेला सिंह डावीकडे बघतो, उजवीकडे बघणारा बेकायदा. झालं, पुढे सगळे सिंह डावीकडे. त्यामुळे उजवीकडे बघणारा सिंह दिसला की मला इतका आनंद होतो की सांगता सोय नाही. पण सिंह असतो टेंडरवर, टेंडरवर असते काजळी, आणि काजळीखाली सिंह डावीकडे बघतोय की झोपलाय हे भिंगातून बघून बघून माझा एक डोळा कायमचा बारीक झालाय.

डब्यांचं काय विचारू नका. १९४९ ते ५६ लाल आणि क्रीम, ज्याला तिकडे रक्त आणि कस्टर्ड म्हणतात, नंतर मरून. जून १९५६ मध्ये थर्ड क्लासचा सेकंड क्लास झाला, म्हणून दारावर तीनचा आकडा असेल तर त्याआधीचा, हे चांगलंय. पण एका गाडीला चार डबे, चार रंगांचे, एकाच्या दारावर तीन, एकाच्या दारावर दोन, आणि पहिल्या डब्याचा रंग ग्रेट वेस्टर्नचा चॉकलेटी-क्रीम, जो मला वाटलं १९४८ लाच संपला, तर नाही, १९५६ ला काही खास गाड्यांसाठी तो परत आणला. कशासाठी? मला त्रास द्यायला.

एकच फोटो असा होता की मी छाती ठोकून निकाल दिला. फ्लाइंग स्कॉट्समन, नंबर ४४७२, हा नंबर त्याला १९२४ ला मिळाला आणि १९४६ ला गेला, म्हणून साल १९२४ ते ४६, 'नक्की' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. 'नक्की' असं लिहून दोन रेघा मारायची मला सवयच लागली होती. मामीने फोटो हातात घेतला. "याच्या मागे कोळशाचे गाडे दोन का?" दोन होते. हे इंजिन १९६३ ला निवृत्त झाल्यावर एका शौकीन माणसाने विकत घेतलं, त्याला पुन्हा जुना हिरवा रंग आणि जुना नंबर दिला, आणि वाटेत पाणी मिळेना म्हणून १९६६ ला दुसरं टेंडर जोडलं. म्हणजे म्हातारपणी केस काळे करून काढलेला फोटो. मी दोन्ही रेघा खोडल्या (नवीन खोडरबर).

शेवटचा फोटो राहिला. धुराने निम्मं झाकलेलं, नाकाड पुढे उतरत गेलेलं इंजिन, एलएनईआरचं ए-फोर जातीचं. मी मुद्दाम मामांना दाखवला नाही. नंबरातला तिसरा आकडा दिसत नव्हता, चव्वेचाळीस-काहीतरी-आठ, अशी ए-फोर तीनच, ४४६८, ४४८८ आणि ४४९८. धुराडं लांब, दुहेरी, ते या नंबरांच्या काळात तिघांपैकी एकालाच होतं. ४४६८. मॅलार्ड! माझ्या पोटात गोळा आला. चाकांवर पत्र्याची झालर आहे, जी युद्धात काढून टाकली. टेंडरवर एलएनईआर पूर्ण, म्हणजे १९४२ च्या आतला. आता एकच आशा होती, १९६३ मध्ये संग्रहालयासाठी मॅलार्डला परत निळा रंग, झालर, जुना नंबर सगळं दिलं होतं, तेव्हाचा असेल तर बॉयलरच्या बाजूला विक्रमाची पाटी असणार, ती लागली १९४८ ला. मी भिंग घेतलं. आयुष्यात कुठल्या पाटीची इतकी वाट बघितली नसेल. पाटी नव्हती. इंजिन बांधलं मार्च १९३८ ला. मार्च १९३८ ते १९४२.

"एक आकडा," मामी म्हणाली.

"अडतीस," खुर्चीतून आवाज आला. फोटो त्यांनी पाहिलाही नव्हता.

मी गुपचूप पेन्सिल घेतली आणि फोटो पालथा केला. मागे मामांचं सुंदर अक्षर. 'हा डबल आहे.' म्हणजे याची दुसरी प्रत खोक्यात कुठेतरी आहे, आणि लावून झालेल्या गठ्ठ्यांत आहे, आणि तिच्यावर मी आधीच काहीतरी लिहिलेलं आहे. अर्ध्या तासाने मामीलाच सापडली. मागे माझ्या अक्षरात १९६३, पुढे 'नक्की', खाली दोन रेघा.