‘आधी एखाद्या फौजीला भेटा’ या कमेंटला उत्तर

सर, तुमची कमेंट काल रात्री लोकलमध्ये वाचली आणि तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण भायखळ्यापर्यंत त्यातल्या शिव्या वाढत गेल्या म्हणून डिलीट केलं. आता शांतपणे लिहितेय. बघू किती वेळ टिकतंय.

बाकीच्यांसाठी सांगते. माझी कथा पहिल्या महायुद्धातल्या, 1916 च्या कुटच्या वेढ्यातली आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कोंडलेल्या ब्रिटिश फौजेत मराठा पलटणी होत्या, त्यातल्या एका पहारेकऱ्याला मेलेला जोडीदार रोज रात्री हाक मारतो. सरांच्या मते जवानांच्या मरणाला भुताची फोडणी देणं हा त्यांचा अपमान आहे. शिवाय तिथे माणसं मेली ती उपासमारीने आणि वरच्या साहेबांमुळे, भूत आणलं की साहेब सुटतात. आणि नदीही चुकलीय. सुरुवात मात्र अशी, ‘ताई, युद्ध म्हणजे तुमची दुपारची सिरियल नाही, आधी एखाद्या फौजीला भेटा.’

नदीचं मान्य. टायग्रिस कुटला तीन बाजूंनी वळसा घालते, चौथीकडे जमीन आहे आणि खंदक तिथेच होते. मी ‘चहूबाजूंनी पाणी’ लिहिलं होतं, ते बदललंय. थँक्यू.

आता सिरियल. मी सिरियल बघत नाही, आणि बघत असते तरी त्याचा कुटशी काय संबंध? हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर त्याला तुम्ही ‘दादा, युद्ध म्हणजे तुमची आयपीएल नाही’ असं लिहिलं असतंत का? नसतंत. त्याच्याशी तुम्ही रायफलींवर बोलला असतात.

आणि फौजीला भेटा म्हणजे काय हो? मी लालबागच्या चाळीत वाढले, माझे सख्खे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावला ट्रेनिंग घेतलेले. सुट्टीवर आले की त्यांची काळी ट्रंक आमच्या गॅलरीत असायची आणि रात्री जेवणं उरकली की अर्धी चाळ तिच्याभोवती. मामा गोळीबाराचं कधी बोलले नाहीत, कुणी विचारलं तरी सुपारी कातरत बसायचे. बोलायचे ते सियाचीनच्या ओपी बाबाबद्दल, म्हणजे मेल्यावरही चौकी राखतो असं जवान मानतात त्या फौजीबद्दल. वर चौकीवर जाण्याआधी जवान बाबाला रीतसर रिपोर्ट देतात आणि खाली उतरले की परत देतात, हे मी कुठे वाचलेलं नाही, लहानपणी मामांच्या तोंडून ऐकलंय. एखादा म्हातारा हसला तर मामा त्याच्याकडे असे बघायचे की तो उठून घरी जायचा. मग मामाही जवानांचा अपमान करत होते म्हणायचं का?

मामांचं सोडा. जवान हरभजन सिंग 1968 मध्ये सिक्कीमच्या नथु ला भागात वारले, त्यांची खोली, गणवेश, बूट फौजच तयार ठेवते, आणि कित्येक वर्षं त्यांच्या नावाने सुट्टीचं रेल्वे रिझर्वेशन व्हायचं. अरुणाचलमध्ये 1962 च्या युद्धात पडलेल्या जसवंतसिंग रावतांचा बिछाना जसवंतगडला अजून घातला जातो. हे सगळं युनिफॉर्ममधली माणसं करतात, लालबागची ताई नाही. जिथे बर्फात मित्राचं शरीरही कधीकधी हाती लागत नाही तिथे तो अजून ड्युटीवर आहे असं मानल्याशिवाय पुढच्या माणसाने पहारा द्यायचा कसा? माझी कथा इथून निघालीय, आणि तुम्हाला त्यात फोडणी दिसली!

साहेब सुटतात हे मला नाही पटलं. कथेत कुटच्या फौजेचा सेनापती टाउनशेंड आहे, उपासमारीत खाल्लेलं घोड्याचं मांस आहे, धर्मापायी ते न खाणारे शिपाई आहेत, नीट वाचा. आता त्यावर लिहीत बसले तर वेगळी पोस्ट होईल. संवाद पुणेरी वाटतात असंही एका ओळीत म्हणालात, असेल, मामा साताऱ्याचे होते आणि ते असंच बोलायचे.

खाली ‘अनफॉलो करतोय’ लिहिलंयत. खुशाल करा. फक्त रविवारी दुसरा भाग येतोय, त्यात 29 एप्रिलची शरणागती आहे, टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात आणि शिपाई वाळवंटात पायी. भूत त्यात जवळपास नाहीच. तो वाचा आणि मग करा अनफॉलो.