सार्जंट ग्रिमशॉ आणि आमचे उस्ताद

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या स्टॉटन भागात लाल विटांची एक जुनी, बुरुजांची इमारत आहे. तिच्या मागे आता घरं आणि फ्लॅट आहेत, अंगणात मुलांच्या सायकली पडलेल्या असतात. शनिवारी सकाळी मी तिथून फिरायला जाते. एके काळी हे क्वीन्स रॉयल रेजिमेंटचं ठाणं होतं. आमच्या सातारकडच्या माणसाला सांगायचं तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरसारखं. 1958 साली 'कॅरी ऑन सार्जंट' या विनोदी चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं. पुढे त्या 'कॅरी ऑन' नावानं तीसेक चित्रपट निघाले, त्यांतला हा पहिला.

शेजारच्या आजोबांनी मला तो दाखवला. ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत आणि सक्तीच्या लष्करी सेवेत दोन वर्षं काढून आलेले आहेत.

गोष्ट साधी आहे. सार्जंट ग्रिमशॉ निवृत्त होणार आहे. इतक्या वर्षांत त्याच्या तुकडीला सर्वोत्तम तुकडीचा मान एकदाही मिळालेला नाही. शेवटच्या तुकडीला तो मिळेलच, अशी पन्नास पौंडांची पैज तो लावतो. आणि वाट्याला येतात ती ही पोरं: एकाला लग्नाच्याच दिवशी बोलावणं आलेलं, एकाला रोज नवा आजार होतो आणि तो डॉक्टरांच्या दारातून हलत नाही, एक अगदीच नाजूक, एक शिकलेला आणि प्रत्येक हुकमावर वाद घालणारा. नवरा भेटेना म्हणून त्याची नवी नवरी छावणीच्या कँटीनमध्ये नोकरीला लागते. ग्रिमशॉ ठरवतो की या वेळी ओरडायचं नाही, समजुतीनं घ्यायचं. पोरं मात्र सगळ्यात मागेच राहतात. शेवटच्या परीक्षेच्या आदल्या रात्री त्या आजारी पोराच्या कानावर सार्जंटची निराशा पडते. दुसऱ्या दिवशी तीच तुकडी पहिली येते.

आजोबा पुष्कळ हसले. मग त्यांनी सांगितलं की भरतीच्या पहिल्या दिवशी गणवेश मिळाला, तेव्हा अंगावरचे कपडे खाकी कागदात बांधून घरी पाठवायला लावले होते. त्यांच्या आईनं ते पुडकं उघडलं आणि ती स्वयंपाकघरात बसून रडली. पोरगा धडधाकट होता, छावणीत जेवत होता, तरी रडली. नंतर तो एकोणिसाव्या वर्षी सायप्रसला गेला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या गावाकडच्या गटावर चाललेली चर्चा. जून 2025 मध्ये महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून विद्यार्थ्यांना प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण देण्याचा मनोदय सांगितला, तेव्हापासून ती थांबलेली नाही. पोरं मोबाइलमध्ये बुडाली, शिस्त उरली नाही, प्रत्येकाला दोन वर्षं सक्तीनं सैन्यात घाला, हे मत तिथं बहुतेकांना पटतं. सर्वांत जोरानं ते मांडतात आमच्यासारखे, ज्यांची मुलं इंग्लंड-अमेरिकेत शिकताहेत. मला हे सांगताना राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

सक्ती म्हणजे काय, हे या देशानं करून पाहिलंय. 1 जानेवारी 1949 पासून ब्रिटनमध्ये धडधाकट तरुणाला दीड वर्ष सैन्यात जावं लागे. कोरियाचं युद्ध पेटल्यावर 1950 मध्ये ती मुदत दोन वर्षांची झाली. सुरुवातीचा पगार आठवड्याला 28 शिलिंग. कोळसा खाणीत, शेतीवर किंवा व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांना सूट होती, विद्यापीठात शिकणाऱ्याला शिक्षण संपेपर्यंत पुढे ढकलता येत होतं, आणि उत्तर आयर्लंडला हा कायदा लागूच नव्हता. म्हणजे सर्वांना समान असणारी सक्ती इथंही पूर्णपणे समान नव्हती. आपल्याकडे ती आली तर सवलतींची यादी कोण लिहील आणि कोणाच्या मुलाचं नाव तिच्यात बसेल, हे विचारायला हवं. कोरिया, मलाया, केनिया, सायप्रस या ठिकाणी मिळून अशी चारशेच्या आसपास पोरं लढाईत मारली गेली.

चित्रपट लागला तेव्हा सक्ती संपवायचा निर्णय झालेला होता. 1957 साली संरक्षणमंत्री डंकन सँड्स यांनी तो जाहीर केला. अण्वस्त्रांवर भिस्त ठेवायची आणि लहान, पण पूर्णवेळ सैनिकांचं सैन्य ठेवायचं, असं ठरलं. खर्च हे कारण होतंच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तयार, अनुभवी माणसं पोरांना शिकवण्यात अडकून पडत होती, आणि पोरगं जरा कामाचं होईपर्यंत त्याची घरी जायची तारीख येत होती. 1960 अखेर बोलावणी थांबली, शेवटचे सक्तीचे सैनिक 1963 मध्ये घरी परतले. 2024 च्या निवडणुकीत पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अठरा वर्षांच्या मुलांसाठी अशी सेवा परत आणायचं वचन दिलं होतं: तीस हजारांना वर्षभर लष्करात, बाकीच्यांना महिन्यातून एक शनिवार-रविवार समाजकार्य. 4 जुलैला त्यांचा पक्ष हरला आणि ती योजना बारगळली.

इथं सैन्याला हवी तेवढी पोरं मिळत नाहीत. आपल्याकडे उलट आहे, आणि गटावरच्या मंडळींना हे कसं दिसत नाही? हवाई दलाच्या पहिल्याच अग्निवीर भरतीला साडेसात लाखांच्या आसपास अर्ज आले होते, जागा तीन हजारांच्या घरात. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं कोणी पाहिली नाहीत? सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलं की पूर्ण गुण, मग बीमवर दहा पुलअप, मग नऊ फुटांचा खड्डा. अकॅडमीची फी भरायला घरातली म्हैस विकली जाते. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली, आणि त्या गावातून पोरं अजून सैन्यात जातात. यांना सक्ती कशाला हवी? यांना रांगेतून परत पाठवू नका, एवढंच ते म्हणताहेत.

आता त्यांना आत घेतल्यावर आपण काय देतो, तो खरा वाद आहे. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हाची अट साडेसतरा ते एकवीस वय, चार वर्षं सेवा, पहिल्या वर्षी महिना तीस हजार, शेवटी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी. चारांतला जास्तीत जास्त एक जण पुढे राहणार, बाकी तिघे पेन्शनशिवाय घरी. सरकारची बाजू मी नीट वाचली आहे. सैन्याचं सरासरी वय बत्तीसवरून सव्वीसवर आणायचं आहे, पेन्शनचा भार कमी करायचा आहे. डोंगरावरच्या चौकीला तरुण पाय लागतात, हे मला मान्य आहे. तरीही ही योजना मला चुकीची वाटते, आणि का वाटते ते ग्रिमशॉला पाहताना मला नेमकं कळलं.

चित्रपटात आपण पोरांकडे पाहून हसतो, पण ती तुकडी उभी राहते ग्रिमशॉमुळे. त्यानं किती पोरं पाहिली असतील! खोटा आजार, खरी भीती, नवऱ्याची घराकडे लागलेली ओढ, सगळं त्याला चेहऱ्यावरून कळतं. असा माणूस चार वर्षांत घडत नाही. विल्यम हार्टनेलनं तो ज्या संयमानं उभा केलाय, त्यात वीस वर्षांचं मैदान दिसतं.

माझे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. काही वर्षं ते बेळगावला रंगरूट शिकवत होते. तिथं शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. लहानपणी आमच्या दारात अनोळखी, मिशा फुटलेली माणसं यायची, खाली वाकून आप्पांच्या पाया पडायची आणि "उस्ताद, ओळखलं का?" म्हणायची. आप्पा नाव सांगायचे, मग गाव, मग त्या माणसाला पहिल्या महिन्यात काय जमत नव्हतं तेही. कोणाला पोहता येत नव्हतं, कोणी रात्री आईच्या आठवणीनं रडायचा. आईला मग चहा ठेवावा लागे, आणि तास-दीड तास घरात दुसरं काही होत नसे.

त्या आजारी पोराच्या कानावर सार्जंटचं बोलणं पडतं तो प्रसंग आला, तेव्हा मला आमचं ते दार आठवलं. पोरं सर्वोत्तम तुकडीच्या मानासाठी धावत नाहीत, ग्रिमशॉसाठी धावतात. चार वर्षांनी आपल्यातला एकच राहणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेली पोरं एकमेकांसाठी तशी धावतील का? धावतीलही, आपल्या पोरांच्या मनाचा मोठेपणा मी जाणते. पण ते ओझं त्यांच्यावर आपण का टाकायचं? आणि वीस वर्षांनी बेळगावच्या मैदानावर उस्ताद म्हणून उभं राहायला माणसं कुठून आणायची? आज घेतलेल्या चारांतला एकच तेव्हा असेल, बाकी तिघांचा अनुभव गावच्या पारावर बसलेला असेल.

शाळेत माजी सैनिकांनी मुलांना धावायला, रांगेत उभं राहायला शिकवायचं असेल तर जरूर शिकवावं. त्या माणसांना काम मिळेल, मुलांना चांगला सहवास मिळेल. सक्तीच्या दोन वर्षांची भाषा मात्र बंद करावी. आणि अग्निवीरांतल्या निम्म्यांना तरी पुढे ठेवा, बाकीच्यांच्या सेवेची वर्षं पुढच्या पेन्शनला धरा, अशी मागणी आपण परदेशातून उघडपणे करावी. लष्कराच्या पहिल्या तुकड्या 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागल्या, म्हणजे त्यांची चार वर्षं 2027 च्या तोंडावर भरतात. फार वेळ उरलेला नाही.

माझा भाचा वीस वर्षांचा आहे. वयाची अट ओलांडायच्या आत त्याला निवडलं जायचंय. पहाटे साडेचारला तो धावायला निघतो, तेव्हा उन्हाळ्यात इथं मध्यरात्र असते. आप्पा दारात खुर्ची टाकून हातात घड्याळ घेऊन बसतात. काल त्यानं निरोप पाठवला: "आत्या, 5 मिनिटं 38 सेकंद. आजोबा म्हणाले, पहिल्या फेरीत जोर कमी लाव, दम शेवटाला ठेव."