कात्रीचा उल्लेख राहिला

सोलापूरच्या विडी कामगार आजीविषयी तिच्या नातवाने लिहिलेला हा लेख वाचताना माझी आई, म्हणजे माझ्या मुलांची अव्वा, डोळ्यांसमोर उभी राहिली. लेखात तंबाखूच्या वासाचे वर्णन आहे, परंतु कात्रीचा उल्लेख नाही, याची किंचित रुखरुख वाटली. भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने मांडीवरच्या सुपात घेऊन, पत्र्याचा तुकडा मापाला ठेवून आई ती झपाट्याने कापत असे. आणि स्वतः शाळेची पायरी कधी चढलेली नसतानाही, आम्ही सतराच्या पाढ्यात अडखळलो की हात न थांबवता नेमकी चूक दाखवत असे. कारखान्यात खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडे, तो राग ती रात्री कडक भाकरी मोडताना काढी. कुंभारी येथे महिला विडी कामगारांसाठी उभारलेल्या आणि २००६ मध्ये लोकार्पण झालेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांपैकी एक तिच्या नावावर झाले. त्या घराची किल्ली तिने विडीच्याच दोऱ्यात ओवून शेवटपर्यंत कमरेला खोचली. ती आता माझ्या मुलीकडे आहे, दोऱ्यासकट.