रॉटरडॅम ते लिस्बन, व्हाया बाबांचे प्रश्न

दोन आठवडे झाले, रोज रात्री जेवणं आटपली की मी लॅपटॉप उघडून बसते आणि नवरा विचारतो, "आज कुठल्या बॉर्डरवर अडकलीस?"

झालंय असं की सप्टेंबरात आईबाबा इकडे रॉटरडॅमला येतायत आणि आईला लिस्बन बघायचंय. तिचं माहेर वसईचं, त्यामुळे "चिमाजीअप्पांनी १७३९ ला ज्या पोर्तुगीजांना हाकललं त्यांचं घर तरी बघून येऊ" हे तिचं कारण. विमानाने तीनेक तासांचं काम. पण बाबांची सगळी नोकरी मिरज जंक्शनवर गेली, ते म्हणाले, "विमान कशाला? रूळ आहेत ना?"

रूळ आहेत हो बाबा, गाडी कुठाय?

आपल्याकडे रील बघून सगळ्यांना वाटतं की युरोपात ट्रेनने कुठून कुठेही जाता येतं. एका देशाच्या आत असाल तर बऱ्यापैकी खरं आहे, पण दोन-तीन बॉर्डर ओलांडायच्या म्हटलं की कळतं, शेंगेन करारामुळे बॉर्डरवरची तपासणी उठून माणसं सुटली, बहुतेक गाड्या अजून आपापल्या देशातच फिरतायत. पॅरिसहून लिस्बनकडे जाणारी सुद एक्सप्रेस १८८७ पासूनची, शेवटी शेवटी ती फ्रान्सच्या टोकावरून सुटायची, आणि माद्रिद-लिस्बन रात्रीची लुसितानिया, दोन्ही मार्च २०२० मध्ये कोविडला बंद पडल्या त्या पडल्याच. म्हणजे शेजारशेजारच्या दोन राजधान्या आणि मध्ये एक थेट गाडी नाही. मुंबई-हैदराबादला थेट गाडी नाही असं सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का?

मग तुकडे जोडत बसायचं. रॉटरडॅम ते पॅरिस तीन तासांच्या आत, तिथे गार दू नोर स्टेशनला उतरून मेट्रो ४ नंबरने दुसरं स्टेशन, मोंपार्नास (मोठ्या बॅगा आणि मेट्रोचे जिने, आईच्या गुडघ्यांची माफी मागून), मग तेजेवे (TGV), म्हणजे फ्रान्सची सुसाट गाडी. बोर्दोपर्यंत ती दोन तासांत उडते, २०१७ ला नवा मार्ग झाला ना, आणि तिथून पुढे जुन्या रुळावर रमतगमत आंदायपर्यंत. आंदाय म्हणजे फ्रान्स संपला.

इथे खरी गंमत आहे आणि बाबा फोनवर अर्धा तास फक्त यावरच बोलले. फ्रान्सचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, स्पेनच्या जुन्या रुळांचा १६६८. आपला ब्रॉडगेज १६७६! आठ मिलिमीटरचा फरक. फ्रेंचांनी चढाई करू नये म्हणून स्पेनने रुंद रूळ टाकले असं सगळे सांगतात, पण १८४४ च्या इंजिनियरांच्या अहवालात कारण वेगळंच आहे, डोंगराळ देश, मोठे बॉयलर बसवून जास्त ताकदीची इंजिनं हवी होती. आणि आंदायहून सान सेबास्तियानला जी छोटी लोकल जाते, तोपो, ती चक्क मीटरगेज. तोपो म्हणजे जमीन पोखरणारा घुशीसारखा प्राणी, वाटेत बोगदेच बोगदे म्हणून हे नाव. "मिरजेला तिन्ही गेज होते, तसंच की हे!" बाबा खूश.

मी मात्र तिकिटांनी वैतागलेय. एक पीएनआर, एक साइट हे आपल्याला किती साधं वाटतं, इथे प्रत्येक देशाची साइट वेगळी आणि बुकिंग उघडायची तारीखही वेगळी, त्यामुळे पहिला तुकडा काढला तरी शेवटचा मिळेल का माहीत नाही. अनेक देशांत चालणारा रेल्वे पास घेतला तरी तेजेवेला आणि स्पेनच्या लांबच्या गाड्यांना सीटच्या रिझर्व्हेशनचे पैसे वर द्यावेच लागतात. आणि वेगवेगळी तिकिटं काढली, पहिली लेट होऊन दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी सहसा कुणीच घेत नाही. मागच्या वर्षी असंच एकदा चाळीस मिनिटांच्या लेटने माझं पुढचं तिकीट बुडालं, दोन्हीकडचे काउंटरवाले एकमेकांकडे बोट दाखवत होते. विमान कंपन्या एकाच तिकिटावर तीन देश जोडून देतात ते यांना का जमत नाही, आणि वर आम्हालाच सांगायचं की पर्यावरणासाठी ट्रेनने जा!

म्हणून आता मी धावपळ करून कनेक्शन पकडायचं सोडून दिलंय. जिथे गाडी तुटते तिथेच मुक्काम. पहिली रात्र सान सेबास्तियान, दुसरी माद्रिद, तिसरी स्पेनच्या टोकाचं बादाखोस, तिथून डिझेलचा छोटा डबा पोर्तुगालात जातो, दिवसातून एखाद-दुसराच, आणि घड्याळ एक तास मागे घ्यायचं हे विसरलं की टाइमटेबल वाचून डोकं फिरतं. महागात पडतंय, खोटं कशाला बोलू, हॉटेलांचे पैसे धरले तर विमान परवडलं असतं.

तो डबा जिथे संपतो त्या गावाचं नाव एंत्रोंकामेंतु, पोर्तुगीजमध्ये अर्थ सरळ 'जंक्शन'. तिथे त्यांचं राष्ट्रीय रेल्वे म्युझियमही आहे. हे सांगितल्यापासून बाबा म्हणतायत चौथी रात्र तिथेच काढू, लिस्बन कुठे पळून जातंय. आणि आई, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती फोनवर एवढंच विचारते, "अगं, मग दशम्या किती दिवसांच्या करू?"