जरा बघू तुमचा टॅब

"तुमच्या टॅबमध्ये तसं काहीच नाही हो," असा निर्वाळा परवा मला डेक्कन क्वीनमध्ये मिळाला. निर्वाळा देणारे गृहस्थ तोवर माझाच टॅब मांडीवर घेऊन बसले होते आणि माझाच स्टायलस त्यांच्या कानाच्या दिशेने निघाला होता.

कोणाचा फोन कोणी मागत नाही. फोन खासगी असतो, एवढी समज आता आपल्याकडे आली आहे. पण तोच पडदा दहा इंचांचा झाला की त्याचा चावडीवरचा रेडिओ होतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढा मोठा आणलाय म्हणजे सगळ्यांसाठीच असणार.

माझं काम मुद्रितशोधनाचं. पूर्वी प्रुफांचे गठ्ठे बगलेत मारून हिंडायचो, आता प्रकाशक पीडीएफ धाडतात आणि मी झोडो नावाच्या ॲपमध्ये ती उघडून स्टायलसने लाल खुणा करतो. शब्दावर अडलो तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने नेटवर फुकट ठेवली आहे. संदर्भाला विश्वकोशाचे वीस खंड आहेत, तेही फुकट. रात्री वाचायला किंडल, ज्यावर २०१६च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळतात. एवढं असून "काही नाही".

त्या दिवशी दादरला चढलो तेव्हा साठ-सत्तर पानं रात्रीपर्यंत परत करायची होती. खिडकीत एक सहा-सात वर्षांची मुलगी, मध्ये तिचे आजोबा आणि कडेला मी. आजोबांनी ठाण्यापर्यंत कळ काढली.

"सिनेमा का?"

"नाही, काम आहे."

"काम ह्याच्यावर? काम कम्प्युटरवर करतात," असं म्हणून ते माझ्या खांद्यावरून वाचू लागले. मनात नव्हे, मोठ्याने. "‘...आणि तिने पदर सावरला.’ कादंबरी वाटतं!" एका अजून न छापलेल्या लेखिकेचं हस्तलिखित अशा रीतीने आमच्या डब्यात प्रकाशित झालं. मी पान उलटलं तर म्हणाले, "अहो, थांबा की. माझं व्हायचंय अजून."

मी पान मागे घेतलं. का घेतलं, ते मला अजून कळलेलं नाही. शेजारच्याचं ताट रिकामं होईपर्यंत हात वाळवत बसायचं, असे संस्कार असतात एकेकावर.

कर्जत आलं. गाडीला घाटात मागून रेटणारी बँकर इंजिनं लागेपर्यंत अर्धा डबा वडापावसाठी खाली उतरला. आजोबाही उतरले, आणि परत आले ते एक वडापाव माझ्यासाठी घेऊन. इथेच मी संपलो. ज्याचा वडापाव खाल्ला त्याला नाही म्हणता येत नाही.

"आमच्या चिनूला जरा लुडो लावून द्या. माझा फोन मान टाकतोय."

लुडो किंग माझ्याकडे होता. नवी मुंबईच्या कंपनीचा हा खेळ २०१६ साली आला आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत शिरला, तसा आमच्याही घरात शिरला आणि मग निघाला नाही. एकाच पडद्यावर आळीपाळीने खेळता येतो, नेट लागत नाही. उलट नेट नसलं की जाहिरातीही येत नाहीत, त्यामुळे लुडो खेळायला महाराष्ट्रात बोरघाटासारखी जागा नाही. मी शहाणपणाने ॲप पिन करून दिलं. ही सोय अँड्रॉइडवर २०१४पासून आहे. पिन केलं की दुसऱ्या कशात शिरता येत नाही.

पाच मिनिटांत आजोबा म्हणाले, "बिघडलाय तुमचा. ह्यातून बाहेरच पडता येत नाही."

"बिघडला नाही, मीच तसं—"

"आबा, असं करायचं," चिनू म्हणाली. तळाची दोन बटणं तिने एकदम दाबून धरली, पडद्याने पिन क्रमांक विचारला आणि तिने तो टाकला. माझा पिन. मी टॅब उघडताना तिने बघून ठेवला होता. वर मला म्हणाली, "काका, तुमचा खूप सोपा आहे."

मग तपासणी सुरू झाली.

"हे काय?"

"शब्दकोश. मराठीचा."

"का? तुम्हाला मराठी येत नाही?"

यावर काय बोलणार! तीस वर्षं मराठीच्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसाने यावर काय बोलायचं?

"आणि हे घोड्याचं?"

"लिचेस. बुद्धिबळ. फुकट आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं."

"जाहिराती नाहीत?" त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. "मग हे काहीतरी वेगळंच असणार. काढून टाका."

लुडोचा डाव मध्येच सोडलेला चिनूला चालणार नव्हता, म्हणून तिघांनी मिळून तो पुरा केला. माझी लाल सोंगटी घराच्या तोंडाशी असताना तिने मारली आणि आजोबांनी टाळी दिली. मला राग आला. सात वर्षांच्या मुलीचा राग येतो, हे छापील मजकुरात कोणी कबूल करत नाही, पण येतो.

घरी तरी काय वेगळं आहे म्हणा. टॅब रोज सकाळी ओट्यावर मेतकुटाच्या बरणीला टेकवलेला असतो आणि त्यावर कोणीतरी बाई थालीपीठ थापत असतात. पडद्यावर कणकेचं वाळलेलं बोट असतं, नेमकं तिथेच जिथे मला अनुस्वार बघायचा असतो. यावर उपाय म्हणून एकदा मी प्रत्येकाचं स्वतंत्र खातं उघडलं. अँड्रॉइडच्या टॅबवर ती सोय असते: आईचं वेगळं, बायकोचं वेगळं, पोरांचं वेगळं. आईने तिच्या खात्यात शिरून पाहिलं, तर त्यात ना तिचं कालनिर्णय, ना तिची कीर्तनं. चष्मा काढून म्हणाली, "मला वेगळं काढलंस होय रे?" संध्याकाळच्या आत सगळी खाती एकत्र झाली. आता माझी प्रुफं उघडली की शेजारी मोदकांच्या कळ्या येतात.

तर गाडीत आजोबांचं बोट किंडलवर आलं.

"इथे पैसे भरून पुस्तकं घेता? वाचायला?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने डॉक्टर रिपोर्ट बघतात. "अहो, मला आधी नाही का सांगायचं! क्विक शेअर चालू करा."

मान टाकलेल्या त्यांच्या फोनला यासाठी मात्र जोर आला. ‘मराठी साहित्य फायनल’ नावाचं फोल्डर निघालं, आणि दोन बोगद्यांच्या मध्ये पुस्तकं माझ्या टॅबवर कोसळू लागली. तिरकी स्कॅन केलेली पानं, कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, त्या अंगठ्यावर मेंदी. त्यांत एक पुस्तक गेल्या वर्षीचं होतं. त्याची प्रुफं मी तीनदा वाचली होती.

"हे घ्याच," आजोबा म्हणाले. "गोष्ट यथातथाच आहे. पण शुद्धलेखन काय चोख हो! एक वेलांटी इकडची तिकडे नाही. हल्ली असं कुठे राहिलंय!"

मुद्रितशोधकाचं कौतुक होत नसतं. चूक राहिली तरच तो होता हे लोकांना कळतं. प्रकाशकाने नाही, लेखकाने नाही, आयुष्यात पहिल्यांदा माझं काम कोणाच्या नजरेत भरलं, तर ते चोरीच्या प्रतीत.

मी म्हणालो, "लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं होतं. हरिभाऊ आपटे आहेत, केशवसुत आहेत, गडकरी, साने गुरुजी. पाठवायचेत तर ते पाठवा की. हा लेखक जिवंत आहे, कर्वे रोडला राहतो, हप्ते भरतो."

"जुनं कोण वाचतंय? आणि मी कुठे विकतोय? सेवा आहे ही." मग थोडं वाकून, हळू आवाजात, "एकशे ऐंशी लोकांच्या ग्रुपवर टाकतो मी."

हजाराची आवृत्ती काढताना मराठी प्रकाशक दहादा विचार करतो. त्यातले एकशे ऐंशी वाचक या एका सेवेत गेले. प्रकाशक तोटा सोसतो, मग लेखकाचं लांबवतो, आणि त्या रांगेच्या शेपटाला आमचं पानामागचं बिल उभं असतं. हे सगळं मी त्यांना सांगणार होतो. पण शिवाजीनगर आलं, ते उतरायला उठले आणि वरची पिशवी मीच काढून दिली.

"नंबर द्या, बाकीची घरून पाठवतो."

मी दिला नाही. चिनूने दिला. टॅबच्या लॉक स्क्रीनवर मीच लिहून ठेवलंय, ‘सापडल्यास कृपया या क्रमांकावर कळवावे.’ तिने तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला, आबांनी लिहून घेतला.

आता रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांखाली एक पुस्तक येतं. काल रात्री दिवाळी अंकांचं अख्खं फोल्डर आलंय. त्यातल्या दोन अंकांचे पैसे मला अजून यायचेत.